कालवा इजिप्तचा, भाडं आपल्या द्राक्षांना

प्रश्न: आमची निफाडला द्राक्षबाग आहे, माल एक्स्पोर्टरमार्फत हॉलंडला जातो. 2024 च्या सीझनला तो म्हणाला सुएझ बंद आहे, भाडं वाढलंय, रेट कमीच मिळेल. कालवा इजिप्तमध्ये, भांडण तिसऱ्यांचं, आणि पैसे आमचे कापले. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर: पडतो हो, आणि द्राक्षाला तर जास्तच पडतो. पण कालवा बंद नव्हता. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि आपल्याकडून सुएझला जायचं तर लाल समुद्रातूनच जावं लागतं, म्हणून मोठ्या शिपिंग कंपन्यांनी जहाजं थेट आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. न्हावाशेवा ते हॉलंडचं रॉटरडॅम बंदर या प्रवासात त्यामुळे दहा-पंधरा दिवस वाढले. तेवढे दिवस रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर जास्त चालवायचा, इंधन जास्त, विमा महाग, आणि रिकामा कंटेनर परत यायलाही उशीर म्हणजे इकडे पुढच्या मालाला कंटेनरच मिळत नाही. तांदूळ उशिरा पोचला तरी तांदूळच राहतो, द्राक्षाचा देठ सुकला, मणी गळायला लागले की तिकडचा सुपरमार्केटवाला लगेच रेट पाडतो.

हे आजचं नाही. 17 नोव्हेंबर 1869 ला सुएझ उघडला आणि मुंबई-लंडन अंतर साधारण सात हजार किलोमीटरने कमी झालं. लाल समुद्रातला वारा शिडाच्या जहाजांना सोयीचा नाही, त्यामुळे फायदा झाला तो आगबोटींना आणि युरोपला सर्वात जवळचं मोठं बंदर म्हणून मुंबईला. 1875 ला ससून डॉक, 1880 ला प्रिन्सेस डॉक, हे सगळं त्याच काळातलं. मग 1967 च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा जो बंद पडला तो थेट जून 1975 ला उघडला, आठ वर्षं आपला युरोपचा माल पुन्हा आफ्रिकेला वळसा घालूनच जात होता.

इजिप्तचंही नुकसान थोडं नाही, 2023 ला कालव्यातून दहा अब्ज डॉलरच्या वर मिळाले होते, 2024 ला चारच्या आसपास आले.

मला खरी चिंता दुसरीच वाटते. आपला बहुतेक परदेशी व्यापार समुद्रातून चालतो पण त्यातला जेमतेम थोडा माल भारतीय झेंड्याच्या जहाजांवर जातो, म्हणजे भाडं किती घ्यायचं हे परदेशी कंपन्या ठरवतात आणि आपण भरतो, 2021 ला 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा त्यावरचे खलाशी सगळे भारतीय होते पण जहाज जपानी मालकाचं, चालवणारी कंपनी तैवानची. माणसं आपली, कमाई दुसऱ्यांची. हे बदलायला हवं असं मनापासून वाटतं.

तोपर्यंत तुम्ही एक करा, सौदा करतानाच भाडं वाढलं तर कोण सोसणार हे लिहून घ्या, आणि कपात केली तर शिपिंग लाइनचं बिल दाखवायला सांगा.

प्रश्न: मग भारताने स्वतःचा कालवा का नाही काढला?

उत्तर: सेतुसमुद्रमचं, म्हणजे भारत-श्रीलंकेमधल्या उथळ समुद्रात जहाजांसाठी मार्ग खोदायचं काम 2005 ला सुरू झालं होतं, रामसेतूच्या वादात कोर्टात जाऊन थांबलं. पण झालं असतं तरी ते श्रीलंकेचा वळसा वाचवायला होतं, उथळ असल्याने मोठी जहाजं त्यातून जाणार नव्हती, आणि नाशिकच्या मालाचा तर तो रस्ताच नाही.