चार दिवसांत, स्वतःची गाडी नसताना इंग्लंडचा ग्रामीण भाग पाहायचा तर कुठे जावं?

मुलीकडे लंडनला जाणार आहात, हाताशी चार दिवस आहेत आणि गर्दी नसलेलं, खेड्यापाड्यांचं इंग्लंड पाहायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं उत्तर एकच: श्रॉपशर. वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या या परगण्यात मी नोकरीनिमित्त तीन वर्षं राहिलो.

मुक्काम श्रूझबरीत करा. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून रेल्वेनं निघायचं, बर्मिंगहॅमला किंवा क्रूला गाडी बदलायची. पुण्यातल्या बेकऱ्यांत मिळणारं श्रूजबेरी बिस्कीट याच गावाच्या नावाचं आहे. सेव्हर्न नदीनं जुन्या गावाला जवळजवळ पुरता वेढा घातलाय. आत काळ्या लाकडी चौकटींची, पांढऱ्या भिंतींची घरं आणि अरुंद बोळ. या बोळांना तिथले लोक ‘शट’ म्हणतात.

चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तो श्रॉपशरचाच, या गावाचा खासदारही होता. पुतळा पाहून बहुतेकांना प्लासी आठवते, मला विजयदुर्ग आठवला. माझं आजोळ देवगड तालुक्यातलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्राकडून इंग्रज नौदलप्रमुख वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरून क्लाइव्हची फौज चालून आली, तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली, किल्ला पडला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे आजही मनाला लागतं. पहिल्या दिवशी त्या पुतळ्यासमोरून माझा पाय निघेना.

सेव्हर्नच्याच दरीत वसलेल्या आयर्नब्रिज गावाला मात्र पूर्ण दिवस द्या. या दरीत १७०९ साली अब्राहम डार्बीनं लोणारी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळलं. त्याच्या नातवानं १७७९ साली सेव्हर्नवर ओतीव लोखंडाची कमान उभी केली, साधारण ३० मीटर रुंद. लोखंडाचा एवढा मोठा पूल तोवर कुणी बांधलेलाच नव्हता, त्यामुळे कारागिरांनी हाताशी होतं ते ज्ञान वापरलं: सुतारकामाचं. पुलाखाली उभं राहून वर पाहा. लाकडात खाच पाडून दुसरा तुकडा आत बसवावा, पाचर ठोकावी, तसे सांधे लोखंडात केलेले दिसतात. मी ते पाहायला कितीदा तरी गेलोय. टोलनाक्याच्या घरावर जुना दरफलक आहे. सैनिकांना सूट नाही, राजघराण्यालाही नाही, असं त्यावर स्पष्ट लिहिलंय. इथे रेल्वे स्टेशन नाही, बसनं जावं लागतं. रविवारी बस कमी असतात, तेव्हा हा दिवस आठवड्यात मधेच ठेवा.

उरलेले दिवस श्रूझबरीहून दक्षिणेला जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर निघतात. चर्च स्ट्रेटनला उतरलात की लाँग मिंडचा डोंगर गावाला टेकूनच आहे, ५१६ मीटर उंच. कार्डिंग मिल दरीतून सावकाश चढा, वर मेंढ्या आणि वारा. ऑगस्टमध्ये गेलात तर हेदरच्या फुलांनी पठार जांभळं झालेलं असेल, आपल्या कासची आठवण येईल.

पुढच्या क्रेव्हन आर्म्स स्टेशनवरून चालत ‘स्टोकसे कॅसल’ गाठता येतं. नाव किल्ल्याचं, पण हा तेराव्या शतकातल्या लोकरीच्या एका व्यापाऱ्याचा वाडा. मोठ्या दालनाला धुराडं नाही, जमिनीच्या मधोमध चूल होती. वर छताकडे पाहा, सातशे वर्षांपूर्वीच्या लाकडांवर त्या चुलीच्या धुराचा काळेपणा अजून आहे.