क्रेट उचलल्याने पडदा सुटतो का?

प्रश्न : मी मखमलाबादचा द्राक्ष बागायतदार, वय ५१. शाळेपासून चष्मा आहे, नंबर आता उणे ११. उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑक्टोबर छाटणीआधी उरकायचं आहे. पण माझ्या मेव्हण्याचा ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी डोळ्याचा पडदा सुटला. घरचे म्हणतात, क्रेट उचलले म्हणून. मी ऑपरेशन करू का?

उत्तर : करा. मेव्हण्यांच्या क्रेटला मात्र उगाच बोल लागलाय. सुरुवातीचे काही आठवडे वजन उचलू नका, हे आम्ही सांगतो ते जखम भरावी म्हणून. सहा महिन्यांनी पडदा (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला, प्रकाश टिपणारा पातळ थर) सुटण्याचं कारण बहुतेक वेळा डोळ्याच्या आतच असतं.

तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टी खटकतात : मोठा उणे नंबर, कमी वय आणि पुरुष असणं. (तिसरीचं नेमकं कारण आम्हालाही सांगता येत नाही.) डोळ्याची लांबी साधारण २३-२४ मिलिमीटर असते. उणे ११ला ती बहुधा २६च्या पुढे जाते आणि पडदा ताणून पातळ होतो. लेन्सचा नंबर काढताना ही लांबी मोजतातच. तो आकडा विचारून घ्या. आता वयाचं. डोळ्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक द्रव असतो. सत्तरीत तो बहुतेकांचा पडद्यापासून आपोआप सुटलेला असतो. पन्नाशीत तो बहुधा अजून चिकटलेला असतो. जाड नैसर्गिक भिंग जाऊन पातळ लेन्स आली की तो पुढे सरकतो आणि जिथे घट्ट चिकटलाय तिथे पडद्याला चीर पाडू शकतो; त्या चिरेपासून पडदा सुटू लागतो. ऑपरेशनमध्ये भिंगाची मागची पिशवी फाटली तर धोका आणखी वाढतो. असं झालं तर ते डिस्चार्ज कार्डवर लिहून मागा, लाजू नका.

एवढं असूनही बहुतेकांना काहीच होत नाही. तारीख ठरवण्याआधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याच्या कडा तपासून घ्या, दोन्ही डोळ्यांच्या. कुठे छिद्र सापडलं तर गरजेप्रमाणे लेझरने आधीच बंदोबस्त होतो. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकल मुलाला चालवू द्या.

ऑपरेशननंतर, अगदी दोन वर्षांनीसुद्धा, अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळ्या ठिपक्यांचा थवा आला किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी पडद्याचे डॉक्टर गाठा. डोळा दुखणार नाही, म्हणूनच लोक थांबतात. तोड चालू असली तरी तुम्ही थांबू नका. सावली नजरेच्या मध्यावर येण्याआधी पडदा बसवला तर दृष्टी बरीच वाचते.