वाचक विचारतात : पथ्थरगड फोडला, पण सूड फिटला का?

प्रश्न : गेल्या अंकातली दत्ताजी शिंद्यांवरची कथा घरात मोठ्याने वाचली. कण्हेरखेड आमच्या शेजारचं, त्यामुळे शिंद्यांचं कौतुक आमच्याकडे जरा जास्तच. शेवटी त्यांचे भाऊ महादजी पथ्थरगड या किल्ल्यावर जाऊन दत्ताजींचा वैरी, रोहिला सरदार नजीबखान याची कबर फोडतात, तिथे आजोबा म्हणाले, "फिटलं एकदाचं!" मला काही ते पटलं नाही. दत्ताजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले तेव्हा होळकर कुठे होते? आणि महादजींचा जीव वाचवणाऱ्या राणेखानाला कथेत दोनच ओळी का?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : आजोबांचा मान राखून मी तुमच्या बाजूने. मराठी फौजा गंगा उतरून पथ्थरगडावर गेल्या त्या 1772 मध्ये. नजीब 1770 सालीच आजारपणात मेला होता. त्याचा मुलगा झाबेताखान, तोही निसटला. म्हणजे हाताला लागली ती कबर. कथेत हे वर्ष कुठेच येत नाही, म्हणून तो शेवट दणदणीत वाटतो. त्या मोहिमेतली लढाई झाली ती मात्र गंगाकाठच्या शुक्रतालच्या बाजूला. 1759 च्या पावसाळ्यात नजीब नावांचा पूल बांधून देतो म्हणाला आणि दत्ताजींना त्याने झुलवत ठेवलं, तेही तिथेच. मी कथा लिहिली असती तर कबरीपेक्षा त्या नदीकाठावर जास्त रेंगाळलो असतो.

आता होळकर. 10 जानेवारी 1760, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी पडले. 'बचेंगे तो और भी लडेंगे' पोरासोरांनाही पाठ आहे. मल्हारराव तेव्हा राजपुतान्यात होते. दत्ताजींचा जखमी पुतण्या जनकोजी माघार घेत आला, तेव्हा कुठे दोन्ही फौजांची गाठ पडली. पण हे झालं भूगोलाचं उत्तर. खरी गोष्ट सहा वर्षं आधीची, सूरजमल जाटाच्या कुंभेरी किल्ल्याची. 1754 साली मराठ्यांनी त्याला घातलेल्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव गेला. बापाने शपथ घेतली : सूरजमल जाटाचं डोकं उडवीन, कुंभेरीची माती यमुनेत टाकीन. इकडे जाटाच्या राणीने दत्ताजींचे थोरले भाऊ जयाप्पा शिंदे यांच्याकडे नवऱ्याची पगडी पाठवली, जयाप्पांनी आपली पाठवून पगडीभाऊपण जोडलं, असं सांगतात. तह झाला, वेढा उठला. शपथ घेतलेला बाप तसाच राहिला.

राजकारण म्हणून जयाप्पांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दोन घरं तिथे फाटली ती फाटलीच. पुढे 1755 साली नागोरला जयाप्पांचा दग्याने खून झाला. 1757 साली दिल्लीत नजीब मराठ्यांच्या हाती सापडला, तेव्हा त्याला आपला धर्मपुत्र म्हणवून मल्हाररावांनीच सोडवलं. नजीब उरला नाही तर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला बसवतील, हे बखरीतलं वाक्य ते बोलले असतील-नसतील. वागणं मात्र त्याला धरूनच होतं. पानिपतानंतर जनकोजी शत्रूच्या छावणीत लपवलेला होता. नजीबाला सुगावा लागला आणि पोराला मारून टाकलं. महादजींचे भाऊ तुकोजी शिंदे रणातच पडले होते. कथाकाराने नजीबाला खलनायक केलंय ते ठीकच, पण मल्हारराव त्यात नुसते उशिरा येणारे सरदार झालेत. मुलाचा सूड हुकलेला बाप असं त्यांना उभं केलं असतं, तर ती कथा दोन घरांची झाली असती.

राणेखानाबद्दलची तक्रार तर शंभर टक्के रास्त! हा भिस्ती, पखालीतून पाणी वाहणारा. पानिपतावर पायावर घाव बसून पडलेल्या महादजींना त्याने आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडे काढलं. पाय अधू झाला तो कायमचा. महादजी त्याला 'भाई' म्हणत, आणि ते तोंडदेखलं नव्हतं : भाऊ एकेक करून गेलेल्या या माणसाने भिस्त्याला थेट सरदार केलं. 1788 मध्ये नजीबाचा नातू गुलाम कादिर याने दिल्लीत बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा त्याच्यावर महादजींनी धाडलेल्या फौजेच्या पुढाऱ्यांत हाच राणेखान होता. गुलाम कादिर दिल्ली सोडून मेरठकडे पळाला, तिथून निसटताना पकडला गेला आणि 1789 मध्ये हालहाल करून मारला गेला.

आजोबांना 'फिटलं' म्हणायचंच असेल, तर पथ्थरगडापेक्षा हा प्रसंग जास्त जवळचा. फक्त तो शिंद्यांच्या रक्ताच्या भावाने नव्हे, पखालवाल्या भाईने पार पाडला, हेही त्यांना सांगा आणि मग ते काय म्हणतात ते आम्हाला कळवा.