खडकावरून काढलेली ताजी कालवं तिथंच कच्ची खाल्ली तर चालतात का?

नाही, ओहोटीला खडकावरून फोडलेली कालवं लिंबू पिळून तिथंच कच्ची खाऊ नका, कितीही ताजी असली तरी. ताजेपणामुळे फक्त सडण्याचा धोका टळतो. कालव तासाला काही लिटर पाणी गाळून जगतं आणि त्या पाण्यातलं बरंच काही त्याच्या अंगात साठतं: जवळच्या नाल्यातून आलेले कावीळ अ (हिपॅटायटिस ए) आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसचे विषाणू, शिवाय समुद्रात मुळातच असणारे व्हिब्रिओ जिवाणू. हे जिवाणू कोमट पाण्यात फोफावतात, आणि आपल्या कोकणातलं पाणी बाराही महिने कोमटच. लिंबू, मीठ, तिखट, दारू यांनी ते मरतात हा निव्वळ गैरसमज आहे. रंग-वासावरूनही काही कळत नाही. यकृताचा आजार, मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर चवही घेऊ नये. यकृत अधू असेल तर व्हिब्रिओ रक्तात उतरून जीवही जाऊ शकतो. कालवं काढताना हाताला कापलं तर जखम लगेच साबणाने गोड्या पाण्यात धुवा, जंतू तिथूनही शिरतात.

खायचीच असतील तर किनाऱ्यावर चूल मांडा. सोललेली कालवं किमान 3 मिनिटं खळखळ उकळा. शिंपल्यासकट असतील तर तोंड उघडल्यावर आणखी 3 ते 5 मिनिटं. न उघडलेली फेकून द्या.

मात्र समुद्राला लाल-तपकिरी तवंग आला असेल तर शिजवलेलीही नकोत. काही शेवाळांचं विष उकळून जात नाही; 1983 साली मंगळूरजवळ शिंपल्यांतून अशी विषबाधा झालेली आहे.