सेक्युलर गाणे, 'हे युग' आणि बैलाचे जू

प्रश्न: "आमच्या मंडळीच्या तरुण-सभेत वक्ते म्हणाले, 'विश्वासणाऱ्यांनी सेक्युलर गाणी आणि सेक्युलर सिनेमे टाळावेत.' सेक्युलर म्हणजे धर्मनिरपेक्ष ना? मग प्रेमगीत धर्मनिरपेक्ष कसे? अशा ठिकाणी मराठीत काय म्हणावे, ऐहिक की लौकिक?"

राज्यकारभारातला 'धर्मनिरपेक्ष' सर्वांना ठाऊक आहे, तो सोडून देतो. गाण्याला तो चालत नाही, हे तुमचे तुम्हालाच कळले आहे. 'लौकिक' म्हणाल तर मराठी वाचक आधी नावलौकिक समजेल. 'ऐहिक' व्याकरणाला धरून आहे, पण त्यात एक खोट आहे, तिच्याकडे येतोच.

मला चीड येते ती 'सेक्युलर' हा शब्द व्यासपीठावरून शिवीसारखा वापरला जातो त्याची. 'सेक्युलर' म्हणजे देवाच्या विरोधातले, असा सरळ हिशेब. अहो, हा शब्द चर्चच्या घरचा आहे! कॅथलिक परंपरेत 'सेक्युलर पुरोहित' आजही असतात. येशूसंघीय किंवा फ्रान्सिस्कन अशा एखाद्या संघाचे व्रत न घेता धर्मप्रांतात, लोकांमध्ये राहून सेवा करणारे ते सेक्युलर. मठ सोडून धर्मप्रांतीय पुरोहित होण्यालाही चर्चच्या कायद्यात 'सेक्युलरीकरण' म्हणत. 'सेक्युलॅरिझम' हा शब्द इंग्लंडच्या जॉर्ज जेकब होलिओकने 1851 साली घडवला. त्याआधी कित्येक शतके हे विशेषण पुरोहितांनाही लागत होते, आणि त्यात कुणाला विटाळ वाटत नव्हता.

मूळ लॅटिन शब्द सेकुलुम. अर्थ: एक पिढी, एक माणूसभर आयुष्य, त्यावरून शतक. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषांत शतकाला आजही त्याचेच वंशज वापरतात. सेन्सोरिनस या रोमन लेखकाने दिलेली व्याख्या तर फारच सुंदर आहे: नगराच्या स्थापनेच्या दिवशी जन्मलेल्यांपैकी शेवटचा माणूस मरतो तेव्हा पहिला सेकुलुम संपतो. रोममध्ये 'सेक्युलर खेळ' व्हायचे. सम्राट ऑगस्टसने ते इसवी सनापूर्वी 17 मध्ये भरवले. कल्पना अशी, की ते कुणालाही आयुष्यात दुसऱ्यांदा पाहायला मिळू नयेत. सम्राट क्लॉडियसने इसवी सन 47 मध्ये मध्येच पुन्हा भरवले आणि दवंडी मात्र तीच जुनी पिटली, 'कुणी कधी न पाहिलेले खेळ!' लोक हसले, कारण आधीचे खेळ पाहिलेले म्हातारे अजून जिवंत होते. हे स्वेटोनियस या रोमन चरित्रकाराने नोंदवून ठेवले आहे.

व्युत्पत्तीवर मात्र मारामारी आहे. वॅरो हा रोमन पंडित सांगतो की सेकुलुम हा 'सेनेक्स'पासून, म्हणजे म्हातारा या शब्दापासून आला. आता सेनेक्स आणि संस्कृत 'सन' (जुना, ज्यावरून 'सनातन') हे खरोखरच एका मुळाचे. तेव्हा वॅरो खरा मानला तर सेक्युलर आणि सनातन चुलतभाऊ ठरतात! ही बातमी फिरवायला अनेकांचे हात शिवशिवतील. कृपया फिरवू नका. सेकुलुममधला (saeculum) आद्य जोडस्वर ae 'सेन'मधून निघूच शकत नाही. वॅरो विद्वान खरा, पण व्युत्पत्ती सांगताना तो कानावर विसंबायचा. त्याला प्रमाण मानून आजही लिहिणाऱ्यांना काय म्हणावे! पेरणे या अर्थाच्या धातूपासून व्युत्पत्ती लावणारे दुसरे घराणे आहे, बांधणे या अर्थाच्या धातूपासून लावणारे तिसरे. मला तिसरे पटते. पिढ्यांना जोडणारा बंध, ही कल्पना का पटते ते खाली कळेल.

लॅटिन बायबलात सेकुलुम आला तो ग्रीक 'आयोन'च्या जागी. आयोन म्हणजे आयुष्य, काळ, युग. आणि तो आपल्या 'आयुस्', 'आयुष्य' यांचा सख्खा नातलग. ग्रीक नव्या करारात 'कॉस्मॉस' हाही शब्द आहे. कॉस्मॉस म्हणजे जग. (त्यावरून 'कॉस्मेटिक' कसे आले हे प्रत्येक प्रवचनात ऐकू येते, इथे नको.) किंग जेम्सच्या 1611च्या इंग्रजी भाषांतराने अनेक ठिकाणी दोन्हींना एकच 'वर्ल्ड' करून टाकले आणि घोटाळ्याची सुरुवात झाली. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो ते आयोनबद्दल. इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे 'जग' दिसते. मराठी वाचणाऱ्याला दिसते: 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका.' युग! मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळीतही 'युगाच्या समाप्तीपर्यंत'. इंग्रजीवरून मराठी सुधारायला निघालेल्यांनी हे दोन दाखले आधी वाचावेत.

फरक बारीक वाटतो, पण सगळा प्रश्न त्यातच आहे. जग ही जागा धरली की तिच्यापासून लांब राहता येते: हे गाणे कुंपणाच्या आत, ते बाहेर. 'ऐहिक'ची खोट हीच. तो 'इह'पासून आला, म्हणजे 'इथले'. सेक्युलर म्हणजे 'आत्ताचे'. आणि आत्तापासून लांब कुठे जाणार? निदणाच्या, म्हणजे गव्हात उगवलेल्या तणाच्या, दाखल्यात येशू दोन्ही शब्द लागोपाठच्या वचनांत वापरतो: शेत म्हणजे जग, कापणी म्हणजे युगाची समाप्ती. गहू आणि निदण एकाच शेतात, एकाच हंगामात वाढतात. मधेच उपटायला परवानगी नाही. ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने पाचव्या शतकाच्या आरंभी याच धाग्यावर मोठा ग्रंथ लिहिला. देवाचे नगर आणि पृथ्वीचे नगर या काळात एकमेकांत मिसळलेले आहेत, ते वेगळे होतील शेवटच्या न्यायाच्या वेळी. पौलाचा सोबती देमास 'आताच्या युगावर' प्रेम जडल्यामुळे पौलाला सोडून गेला, हेही विसरू नका. पौल समकालीनतेला भोळेपणाने कवटाळा म्हणत नाही. समरूप होऊ नका, म्हणजे चालू काळाचा साचा डोळे मिटून अंगावर चढवू नका. गाण्याची चाल कुठून आली याची झडती घ्या, असे त्यात नाही. नाहीतर हान्स लिओ हास्लर या जर्मन संगीतकाराच्या 1601 सालच्या प्रेमगीताची चाल बाखच्या मत्तय-पॅशनमध्ये, म्हणजे येशूच्या दुःखसहनावरच्या संगीतरचनेत, तीही ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुगुटाच्या प्रसंगी, कशी चालली असती?

गाण्याचे म्हणाल तर त्याला त्याचे नाव द्या: प्रेमगीत, चित्रपटगीत, भावगीत. उपासनागीताचा विरुद्धार्थी शब्द हवाच असेल तर 'उपासनेबाहेरचे' म्हणा. आणि वक्त्यांना आठवण करून द्या, की 'युगानुयुग, आमेन' याचे लॅटिन 'इन सेकुला सेकुलोरुम' आहे. प्रार्थना संपवताना ते ज्याला निषिद्ध म्हणतात त्याच शब्दाच्या पूर्वजाचा दोनदा उच्चार होतो.

आता 'युग'. याच्यावर आक्षेप घेणारे जाणकार आहेत: कृत-त्रेता-द्वापर-कली हे फिरते चक्र ख्रिस्ती विचारात कशाला, 'काळ' म्हणा. हा आक्षेप अर्धवट वाचनातून आला आहे. चार युगांची मांडणी नंतरची. ऋग्वेदात उषेला म्हटले आहे 'प्रमिनती मनुष्या युगानि', माणसांची युगे क्षीण करत जाणारी. तिथे युग म्हणजे पिढी. हुबेहूब सेकुलुम! दीर्घतमा ऋषी दहाव्या युगात म्हातारा झाला, असेही ऋग्वेद सांगतो; तो काही दहा कलियुगे जगला नव्हता.

आणि खरी मौज तर पुढेच आहे. युगाचा मूळ अर्थ बैलांना जोडणारे लाकूड. युज् म्हणजे जोडणे. ग्रीक झ्युगोस, लॅटिन इउगुम, इंग्रजी योक, सगळे त्याच घराण्यातले. प्राकृतातून घासत घासत युगाचे मराठीत झाले जू. म्हणजे 'ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका' आणि 'माझे जू आपणांवर घ्या' या दोन वचनांत मराठी वाचकाला मुळात एकच शब्द मिळतो. एक युग मानेवरून उतरवायचे, दुसरे चढवायचे. बिनजुवाचे राहण्याची सोय कुठेच नाही. ग्रीकमध्ये आयोन आणि झ्युगोस यांचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे हा श्लेष पौलालाही साधला नसता. भाषांतरकारांनी तो जाणून साधला का? योगायोगच म्हणा, पण 'योग' हाही युज्‌मधूनच निघतो.

जाता जाता: 'माझे जू सोयीचे' यातले 'सोयीचे' बदलून 'सोपे' करा, अशीही सूचना कुठेतरी वाचली. नको. ग्रीक शब्द 'ख्रेस्तोस' आहे: चांगला, उपयोगी, नीट बसणारा. जू सोपे किंवा अवघड नसते. ते मानेला बसते किंवा मान सोलते. शिवाय तेव्हाच्या उच्चारात ख्रेस्तोस आणि ख्रिस्तोस जवळजवळ सारखेच ऐकू येत, पण तो वेगळा लेख होईल. आणि भक्तीत मोठ्याने वाचताना 'माझी जू' म्हणू नका. मराठीत जू नपुंसकलिंगी आहे. 'माझी' म्हटले की हिंदी जाणणाऱ्याला डोक्यातली ऊ आठवते.