मुलगा फ्लूमधून दोन दिवसांत बरा होतो, मग दरवर्षी लस कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगा घोडबंदर रोडच्या एका शाळेत दुसरीला आहे, डॉक्टरांनी पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यायला सांगितली आणि घरात मत पडलं की एवढ्याशा तापासाठी सुई कशाला. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांना दमा आहे, हेही तुम्ही ओघात सांगून गेलात. मला तेच महत्त्वाचं वाटतं. ही लस नातवाइतकीच आजीसाठी आहे.

मी ठाण्यातच प्राथमिक शाळेत शिकवते. जुलै-ऑगस्टमध्ये एका बाकावरचं मूल खोकायला लागतं आणि चार-पाच दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. पुढच्या आठवड्यात मुलं परत येतात, पण त्यांना न्यायला येणारे आजी-आजोबा गेटवर दिसत नाहीत. तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरी हे झालं. लेकाला शनिवारी ताप आला, सोमवारी तो गॅलरीत बॉल आपटत होता. गुरुवारी माझ्या आईला धाप लागली. तपासणीत इन्फ्लुएन्झा निघाला, मग न्यूमोनिया, आणि अकरा दिवस हॉस्पिटल. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

मुलांच्या अंगात हा विषाणू मोठ्यांपेक्षा जास्त दिवस टिकतो, आणि ती वर्गात, रिक्षात, व्हॅनमध्ये एकमेकांना चिकटून असतात. उलट म्हाताऱ्या माणसांचं शरीर लशीला तितकासा प्रतिसाद देत नाही. म्हणून जपानने वेगळा मार्ग धरला: १९६२ पासून शाळकरी मुलांनाच लस. १९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली, १९९४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. २००१ मध्ये अभ्यासकांनी मृत्यूंचे आकडे तपासले. मुलांना लस मिळत होती त्या काळात वर्षाला सुमारे ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत असावेत, म्हणजे साधारण ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक, असा त्यांचा अंदाज होता. वाचलेले बहुतेक वृद्ध. मात्र हा मागे वळून केलेला हिशेब आहे, त्या काळात जपानमध्ये इतरही बरंच बदललं, त्यामुळे त्यावर आक्षेपही आले. मी एकट्या त्या आकड्यावर विसंबणार नाही.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो कॅनडातला प्रयोग. हटेराइट पंथाचे लोक गावापासून दूर, सामायिक शेतीवर एकत्र राहतात. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून काही वस्त्यांत मुलांना फ्लूची लस दिली, काहींत तुलनेसाठी हिपॅटायटिस ए ची, म्हणजे फ्लूशी संबंध नसलेली. २०१० मध्ये निकाल आला: फ्लूची लस दिलेल्या वस्त्यांत, ज्यांनी स्वतः लस घेतली नव्हती त्यांनाही फ्लूपासून सुमारे ६१ टक्के संरक्षण मिळालं. तिथे पाचांपैकी चार मुलांनी लस घेतली होती, हे विसरू नका. ब्रिटनने २०१३ पासून मुलांना नाकात फवारायची लस टप्प्याटप्प्याने सुरू केली, त्यामागेही हाच विचार.

आपल्याकडे ही लस सरकारी बालकांच्या लसीकरणात नाही, खिशातून पैसे मोजावे लागतात. वर्गातल्या दोन-तीन मुलांनी घेतली तर वर्गाभोवती कवच तयार होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तुमच्या घरात आजीपर्यंत तापाची वाट शाळेतून नातवाच्या अंगावरून येते, आणि ती तुम्ही अरुंद करू शकता. पालकसभेत विषय काढा, दहा-बारा घरं तयार झाली तरी फरक पडेल. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करायलाही सांगा, त्यापायी तापातली मुलं शाळेत पाठवली जातात हे मी दरवर्षी बघते.

एप्रिल-मेमध्येच घ्या. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून उशीर करू नका. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. तेव्हा ताप उतरेपर्यंत त्याला आजीच्या खोलीत झोपवू नका. आणि सासूबाईंनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारून लस द्या, जमलं तर त्याच दिवशी.