एकाच कागदावर थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत माँटानातल्या ब्यूटच्या दप्तरखान्यात तुला काम करायला मिळतंय, हे वाचून फार आनंद झाला. क्वार्ट्झ स्ट्रीटवरच्या 1900 सालच्या जुन्या अग्निशमन केंद्रात हा दप्तरखाना आहे. तांब्याच्या खाणींवर जगलेल्या त्या गावाचे कागद चाळताना पहिल्यांदा मोह पडेल तो तिथल्या खाणमालक अनाकोंडा कंपनीच्या दप्तराचा. ते विपुल आहे, नीटनेटकं आहे. पण ते कंपनीने स्वतःच्या गरजेसाठी लिहिलेलं आहे, हे पानोपानी आठवत राहा.

कामगारांच्या बाजूचे कागद का कमी, याचं उत्तर गावाच्या इतिहासातच आहे. 1878 साली रोजची साडेतीन डॉलर मजुरी तीनवर आणायचा घाट घातला गेला, तेव्हा तिथे युनियन उभी राहिली. पुढे तिच्यातच फूट पडली. 13 जून 1914 ला चिडलेल्या खाणकामगारांनी आपल्याच युनियनच्या इमारतीत घुसून सामान आणि कागदपत्रं खिडक्यांतून रस्त्यावर फेकली. दहा दिवसांनी ती इमारत सुरुंगाने उडवण्यात आली. त्यानंतर थेट 1934 पर्यंत कंपनीने खाणकामगारांच्या युनियनला दाद दिली नाही. ही वीस वर्षं तुला बहुतेक मालकाच्या अक्षरातच वाचावी लागतील. त्यात ‘रस्लिंग कार्ड’ची पद्धत 1912 पासूनची. नुसतं काम मागायला खाणीवर जायचं, तरी आधी कंपनीच्या कचेरीतून हे कार्ड मिळवावं लागे. ज्याला ते नाकारलं, त्याचं नाव पगाराच्या वहीत येणार कुठून? दुसऱ्या नावाने परत येणारेही असत. म्हणून नाव जुळलं नाही की माणूस गाव सोडून गेला, असा निष्कर्ष लगेच काढू नकोस.

मग शोधायचं कुठे? 1917 चा जून घे. 5 जूनला अमेरिकाभर 21 ते 30 वयाच्या पुरुषांची सैन्यभरतीसाठी नोंदणी झाली. प्रत्येकाचं एक कार्ड. त्यावर पत्ता, जन्मगाव, धंदा, मालक कोण, आणि तुझ्यावर अवलंबून कोणकोण आहेत, हा प्रश्न. खाली त्याची सही. मागच्या बाजूला उंची, बांधा, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, टक्कल आहे का, हात, पाय किंवा दोन्ही डोळे गमावलेत का. खाणकामगाराचं इतकं जवळून वर्णन कंपनी कशाला लिहून ठेवील?

तीनच दिवसांनी, 8 जूनच्या रात्री, ग्रॅनाइट माउंटन शाफ्टला, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विवराला, आग लागली. आगीपासून बचावाची यंत्रणा बसवण्यासाठी खाली नेत असलेली विजेची केबल निसटून पडली. ती पाहायला उतरलेल्या मुकादमाच्या कार्बाइडच्या दिव्याने तिच्या तेलकट वेष्टणाने पेट घेतला आणि धूर शेजारच्या स्पेक्युलेटर खाणीतही भरला. 168 माणसं गेली. मॅनस डगन या तरुणाने सोबत्यांना घेऊन धूर अडवायला आडोसा उभारला. त्यातले बहुतेक वाचले, तो मात्र वाचला नाही. त्या अंधारात त्याने घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. मृतांची यादी आणि नोंदणीची कार्डं शेजारी ठेवून वाच. ‘अवलंबून कोण’ या रकान्यात आई किंवा बायको लिहिलेली दिसेल, तेव्हा घाई करू नकोस. आणि कार्ड सापडलंच नाही, तर हेही टिपून ठेव की त्याच 5 जूनला भरतीच्या विरोधात ब्यूटमध्ये आयरिश आणि फिनिश लोक रस्त्यावर उतरले होते.

यानंतर शहराच्या छापील डिरेक्टऱ्या काढ. दरवर्षीच्या या जाडजूड पुस्तकात नाव, धंदा, पत्ता असतो, आणि विधवेच्या नावापुढे नवऱ्याचं नाव. गेल्या वर्षी ‘खाणकामगार’ म्हणून असलेला माणूस यंदा नाही आणि त्याच आडनावाची बाई विधवा म्हणून नोंदलेली, हे दिसलं की तिचा माग सोडू नकोस. ती त्याच घरात राहिली का? पत्ता बदलला का? पुढे तिच्या नावापुढे कुठला धंदा येतो? मला विचारशील तर ब्यूटचा खरा कामगार इतिहास या बायकांवाचून अर्धाही होत नाही. हॉटेलांत आणि खानावळींत राबणाऱ्या बायकांची स्वतंत्र युनियन तिथे 1890 पासून होती. तिचे जे कागद मिळतील ते आधी वाच, कंपनीचे नंतर.

पत्ता मिळाला की घर बघायला धावू नकोस. 1955 साली बर्कले पिट ही उघडी खाण सुरू झाली आणि मीडरव्हिलसारखी अख्खी वस्ती तिच्या पोटात गेली. तिथल्या घरांसाठी विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने सॅनबॉर्न नकाशे पाहा. घर लाकडी की विटांचं, किती मजली, मागे गोठा आहे का, सगळं त्यावर असतं.

संगणकावर तक्ते करायची घाई पहिल्या आठवड्यात नको. एकच माणूस निवड, त्याला मिळेल त्या प्रत्येक कागदात शोध, आणि प्रत्येक नोंदीपुढे लिही: ही कोणी केली, कशासाठी केली, आणि त्या माणसाला ती वाचता आली असती का. तेवढं टिपण झालं की मला पाठव. समासात शेरे लिहून परत करीन, मग पुढचं ठरवू.

तुझा,
सर